लोहाराचा मुलगा आणि अधांतरी धातू : मायकेल फॅरडे

ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे शाळकरी मूलही जाणते. तांब्याचेही तसेच. तरीही विद्युतचुंबकाच्या उभ्या लोखंडी गाभ्यात ओवलेले ॲल्युमिनियमचे कडे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सुरू करताच उसळी घेते, आणि प्रवाह योग्य प्रमाणात राखल्यास कशाचाही स्पर्श नसताना हवेत स्थिर राहते. त्याला दोरा नाही, टेकू नाही, मंत्र तर नाहीच. प्रथम पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटावा. परंतु तो निसर्गाचा नियम आहे आणि त्याचा आधार असलेले प्रवर्तनाचे तत्त्व जगासमोर मांडणारे मायकेल फॅरडे हे एका गरीब लोहाराचे पुत्र होते. शालेय शिक्षण त्यांच्या वाट्याला जेमतेम आले. उच्च गणित त्यांना कधीच अवगत झाले नाही. अशा माणसाचे जीवन आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेतून आपल्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर ठेवणे उचित वाटते.

बालपण आणि पुस्तकांचे दुकान

मायकेल यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे, त्यामुळे कामात खंड पडे आणि घरात ओढाताण होई. १८०१ साली धान्य अतिशय महाग झाले, त्या दिवसांत नऊ-दहा वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येत असे आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब, एवढ्यावर शाळा संपली.

तेराव्या वर्षी, १८०४ साली, ते जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामाला लागले. त्या काळी वर्तमानपत्र विकत घेणे अनेकांना परवडत नसे. रिबो ती वाचायला भाड्याने देत. एका घरी दिलेले वर्तमानपत्र ठरल्या वेळी परत घेऊन दुसऱ्या घरी पोहोचवायचे, हे मायकेलचे काम. वर्षभरात मालकांनी मुलाचा प्रामाणिकपणा पाहिला आणि १८०५ मध्ये त्यांना पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतले. अशा उमेदवारीसाठी पालकांना रक्कम भरावी लागे. रिबो यांनी ती घेतली नाही.

पुढची सात वर्षे ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील ते दुकान हेच मायकेलचे घर, तेच त्यांचे विद्यालय. बांधणीसाठी आलेली पुस्तके शिवता शिवता ते वाचू लागले. ज्ञानकोशाच्या एका खंडातील विद्युतविषयक लेखाने त्यांना झपाटले. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाने त्यांना एक सवय लावली : पुस्तकात लिहिलेली गोष्ट आपल्या हातांनी करून पाहायची. मार्सेटबाईंचा उल्लेख ते आयुष्यभर गुरूच्या आदराने करीत. तुटपुंज्या पैशांत बरण्या आणि तारा आणून त्यांनी दुकानातच स्थितिक विद्युत निर्माण करणारे एक यंत्र जुळवले. मालक रागावले नाहीत. उलट, गिऱ्हाइकांना ते कौतुकाने दाखवीत.

१८१० पासून मायकेल सायंकाळच्या विज्ञान व्याख्यानांना जाऊ लागले. प्रत्येक व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग होते. वडिलांप्रमाणेच लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट हे शुल्क भरी. त्याच वर्षी वडील वारले. ऐरणीवर घाम गाळून मिळवलेली ती शिलिंगे नसती, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. घरातील एकाला शिकता यावे म्हणून दुसऱ्याने राबावे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या ओळखीचा आहे.

दार उघडले, पण उंबरठा उंच होता

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. डेव्ही हे त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनी चार व्याख्याने ऐकली, प्रत्येकाचे सविस्तर टिपण केले, आकृत्या काढल्या आणि ते सारे आपल्याच हातांनी सुबक बांधून डेव्ही यांना पाठवले. त्याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनाही त्यांनी विज्ञानात कोणतेही काम मिळावे म्हणून पत्र लिहिले होते. त्याला उत्तर आले नव्हते. डेव्ही यांनी मात्र भेटीला बोलावले. पुढे प्रयोगशाळेतील एक साहाय्यक पद रिकामे झाले आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅरडे तेथे रुजू झाले. वेतन आठवड्याला २५ शिलिंग, राहण्यास इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय सरपण आणि मेणबत्त्या. खाली प्रयोगशाळा, वर निवास. पुढील साडेचार दशके ते याच इमारतीत राहिले.

दार उघडले, तरी समतेची वागणूक लगेच मिळाली नाही. १८१३ च्या ऑक्टोबरात डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले. डेव्ही यांच्या खासगी नोकराने ऐनवेळी येण्यास नकार दिल्याने ते कामही फॅरडे यांच्या गळ्यात पडले. डेव्ही यांच्या पत्नी त्यांना नोकराप्रमाणेच वागवीत आणि जेवणही नोकरांबरोबर घ्यावे लागे. विज्ञान सोडून परत फिरावे, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तथापि त्याच दौऱ्यात त्यांना व्होल्टा आणि अँपिअर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे दर्शन घडले. अपमान गिळून त्यांनी शिकणे चालू ठेवले.

पुढे १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव आले, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. याला एक पार्श्वभूमी होती. १८२१ मध्ये विद्युतप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवण्यात फॅरडे यांना यश आले होते. विजेच्या मोटारीचे ते मूळ रूप. मात्र निबंध प्रसिद्ध करताना याच विषयावर विचार करीत असलेल्या वोलस्टन आणि डेव्ही यांचा उल्लेख करण्याचे राहिले आणि कल्पना चोरल्याचा प्रवाद उठला. विरोध झाला तरी फॅरडे निवडून आले. डेव्हींविषयीची कृतज्ञता त्यांनी अखेरपर्यंत जपली.

तांब्याच्या चकतीचे कोडे

आता मूळ विषयाकडे येऊ. विद्युतप्रवाहामुळे होकायंत्राची सुई वळते, हे १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले. १८२५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी नालाच्या आकाराच्या लोखंडावर तार गुंडाळून पहिला उपयुक्त विद्युतचुंबक तयार केला. सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या त्या लोखंडाने जवळजवळ चार किलो वजन उचलून धरले. हे स्टर्जन लहानपणी जोडे शिवण्याची उमेदवारी करीत होते आणि पुढे सैन्यात साधे शिपाई होते. विद्युतचुंबकाच्या इतिहासातील ही दोन नावे, एक चर्मकाराच्या हाताखाली शिकलेला आणि दुसरा लोहाराचा मुलगा, आपल्या मुलांनी एकत्र लक्षात ठेवावीत.

याच सुमारास फ्रान्सच्या आरागो यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. तांब्याची चकती वेगाने फिरवली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसुई चकतीमागोमाग फिरू लागते. तांबे तर चुंबकीय नाही. मग सुईला ओढते कोण? इंग्लंडमध्ये बॅबेज आणि हर्शेल यांनी हा प्रयोग करून पाहिला. चकतीला मध्यापासून कडेपर्यंत चिरा पाडल्या की परिणाम मंदावतो आणि त्या चिरा धातूने भरल्या की पुन्हा वाढतो, असे त्यांना आढळले. उत्तर जवळ होते, परंतु कोणाच्याही हाती लागले नव्हते.

फॅरडे यांना त्या काळात फुरसत नव्हती. रॉयल सोसायटीने त्यांच्यावर दुर्बिणीसाठी उत्तम काच तयार करण्याचे कंटाळवाणे काम सोपवले होते. त्यातून मोकळे झाल्यावर, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, त्यांनी मऊ लोखंडाच्या सुमारे सहा इंच व्यासाच्या कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. तारांचे वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये कापड आणि दोरा घातला. एका वेटोळ्याला विद्युतघट जोडला, दुसऱ्याजवळ चुंबकसुई ठेवली. घट जोडला त्या क्षणी सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. घट तोडला तेव्हा ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने. मधल्या काळात, प्रवाह अखंड वाहत असताना, सुई स्तब्ध होती.

या स्तब्धतेतच रहस्य होते. चुंबकत्व असणे पुरेसे नाही. ते बदलले पाहिजे. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात पट्टीचुंबक झटकन खुपसला आणि बाहेर काढला. प्रत्येक वेळी तारेत प्रवाह उमटला. २८ ऑक्टोबरला सुमारे ४५० पट्टीचुंबकांनी बनलेल्या रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्ये त्यांनी तांब्याची चकती फिरवली. एक तार आसाला आणि दुसरी कडेला टेकवली, आणि चकती फिरत असेपर्यंत प्रवाह मिळत राहिला. हे जगातील पहिले विद्युतजनित्र.

आरागोंच्या कोड्याचे उत्तरही त्यातच होते. चुंबकाजवळून धातू सरकतो तेव्हा धातूच्या अंगात प्रवाह निर्माण होतात. त्यांना तारेची वाट नसते, म्हणून नदीच्या पाण्यातील भोवऱ्यांप्रमाणे ते धातूतच गोल गोल फिरतात. म्हणून आज त्यांना भोवरा-प्रवाह किंवा एडी करंट म्हणतात. प्रत्येक भोवरा हा एक छोटा विद्युतचुंबकच असतो आणि तोच सुईला ओढतो. चिरा पाडल्या की भोवऱ्यांची वाट तुटते, म्हणून परिणाम घटतो. पुढे फॅरडे यांनी दोऱ्याला टांगलेला तांब्याचा ठोकळा शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये गरगर फिरत ठेवला. विद्युतचुंबक सुरू करताच घट्ट चिखलात रुतावा तसा तो जागीच थांबला. १८३४ मध्ये लेन्झ यांनी याचा नेमका नियम सांगितला : प्रवर्तित प्रवाह ज्या बदलातून जन्मतो, त्या बदलालाच तो विरोध करतो.

या विरोधाचाच उपयोग धातू उचलण्यासाठी होतो. फॅरडे यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेतील अभियंते एलिहू थॉमसन यांनी प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या विद्युतचुंबकाने धातूची कडी दूर ढकलून दाखवली. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, म्हणजे चुंबकत्वही तितक्याच वेळा उलटते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या कड्यात सतत प्रवाह खेळत राहतो. हा प्रवाह किंचित मागे रेंगाळतो, म्हणून प्रत्येक आवर्तनात ओढण्यापेक्षा ढकलण्याचे पारडे जड राहते. ते ढकलणे कड्याच्या वजनाइतके झाले की कडे अधांतरी स्थिर होते. त्याच वेळी ते तापतही जाते. कड्याला एका जागी चीर पाडली तर ते जागचे हलत नाही, कारण प्रवाहाचे वर्तुळ पुरे होत नाही. बॅबेज आणि हर्शेल यांना चकतीत दिसलेली तीच खूण येथे पुन्हा भेटते.

हे तत्त्व प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. आपल्या घरातील विजेच्या जुन्या मीटरमध्ये लाल खूण असलेली ॲल्युमिनियमची चकती फिरताना सर्वांनी पाहिली असेल. तिला फिरवतात ते भोवरा-प्रवाह, आणि शेजारच्या कायम चुंबकामुळे तिचा वेग आवरतात तेही भोवरा-प्रवाहच. इंडक्शन शेगडीवर भांडे तापते ते त्यांच्यामुळे. काही अतिशुद्ध धातू भांड्याचा स्पर्श न होता हवेत अधांतरी ठेवून वितळवले जातात, तेही याच युक्तीने.

प्रमाणाची चाड

फॅरडे प्रयोगाची प्रत्येक नोंद क्रमांक घालून ठेवीत. त्या क्रमांकांनी १६,००० चा टप्पा ओलांडला. यशाइतक्याच काळजीने त्यांनी अपयशही नोंदवले. गुरुत्वाकर्षण आणि विद्युत यांचा संबंध शोधण्याचे त्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले. तसे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. दुर्बिणीसाठी केलेली जी काच कंटाळवाणी वाटली होती, त्याच प्रकारच्या जड काचेतून १८४५ मध्ये त्यांनी प्रकाशावर होणारा चुंबकत्वाचा परिणाम दाखवला. गणिताऐवजी त्यांनी बलरेषांचे चित्र मनात उभे केले. पुढे मॅक्सवेल यांनी त्या चित्राला गणिताची भाषा दिली.

१८५३ मध्ये इंग्लंडात एक खूळ पसरले होते. लोक मेजाभोवती बसून त्यावर हात ठेवीत आणि मेज आपोआप फिरे. कोणी ते आत्म्यांचे काम म्हणे, कोणी विद्युतशक्तीचे. फॅरडे यांनी कोणाची थट्टा न करता प्रयोग केला. हात आणि मेज यांच्यामध्ये त्यांनी सरकू शकतील असे पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. मेज हातांना ओढत असते तर खालचा थर आधी सरकला असता. प्रत्यक्षात वरचा आधी सरकलेला आढळला. म्हणजे बसणाऱ्यांचे हातच, त्यांच्याही नकळत, मेज ढकलत होते. हाताची हालचाल दाखवणारा काटा समोर ठेवताच मेज फिरणे बंद झाले. हा निष्कर्ष त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फॅरडे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि एका लहानशा साध्या पंथाचे निष्ठावान सदस्य होते. परंतु निसर्गाविषयीच्या प्रश्नात त्यांनी पुराव्याखेरीज दुसरे काही प्रमाण मानले नाही. भगवान बुद्धांनी कालामांना परंपरा, ग्रंथ किंवा गुरूची थोरवी एवढ्यावरून काही न स्वीकारता स्वतः पारखून घेण्याचा मार्ग दाखवला. बुद्धांनी विद्युतशास्त्र सांगितले होते असा याचा अर्थ नव्हे. तसा दावा करणे हे त्याच उपदेशाच्या विरुद्ध होईल. परंतु पारखून घेण्याची वृत्ती कोणत्याही देशात, कोणत्याही माणसात आढळली तरी ती आपल्याला आपली वाटावी.

साधेपणा आणि अखेर

कीर्ती आली तशी धनाची संधीही आली. व्यावसायिक सल्ल्यातून त्यांना मोठी प्राप्ती होऊ लागली होती. संशोधनाला वेळ मिळावा म्हणून त्यांनी ते काम जवळपास सोडून दिले. १८३५ मध्ये सरकारी निवृत्तिवेतनाच्या संदर्भात पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी अवमानकारक उद्गार काढले, तेव्हा फॅरडे यांनी ते वेतन नाकारले. मेलबर्न यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केल्यावरच स्वीकारले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले.

ज्या व्याख्यानांनी आपले आयुष्य बदलले, तशी व्याख्याने इतरांसाठी खुली करणे हे त्यांना कर्तव्य वाटे. सर्वसामान्य श्रोत्यांसाठी शुक्रवारची सायंकाळची व्याख्याने त्यांनी सुरू केली आणि नाताळात मुलांसाठी १९ व्याख्यानमाला दिल्या. एका साध्या मेणबत्तीवरील त्यांची व्याख्यानमाला पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली.

१८३९ नंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. पत्नी सारा यांनी त्यांना सांभाळले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे राहण्यास दिलेल्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्रपुरुषांच्या समाधिस्थानी नव्हे, तर हायगेटच्या दफनभूमीत, त्यांच्या इच्छेप्रमाणे साधेपणाने त्यांना निरोप देण्यात आला.

या जीवनाकडे पाहताना त्यांच्या बुद्धीचे कौतुक होतेच. परंतु ती बुद्धी फुलली कशी, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. डोक्यावर छप्पर, हाताशी पुस्तके, शुल्क भरणारा भाऊ, रागावण्याऐवजी कौतुक करणारा मालक आणि योग्य वेळी उघडलेले एक दार, एवढे त्यांना मिळाले. त्यांच्याच वस्तीतील किती मुलांना ते मिळाले नाही, याची नोंद इतिहासात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, त्यामागे हीच जाण होती : बुद्धी कोणत्याही घरात जन्म घेते, पण तिला निवारा आणि पुस्तक द्यावे लागते. आपले विद्यालय त्याच वाटेवर उभे आहे. येथून शिकून गेलेल्या प्रत्येकाने एका तरी मुलासाठी रॉबर्टची शिलिंग व्हावे. आणि आज येथे शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमचे कडे उचलले गेलेले पाहिले, तर टाळ्या वाजवून थांबू नये. कड्याला चीर पाडून पुन्हा प्रवाह सोडावा, आणि काय होते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.